स्वामित्वधन आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा

राज्याचे अंदाजपत्रक विधानसभेपुढे येते तेव्हा चर्चा बहुधा करांची आणि तुटीची होते. जमेच्या बाजूस मांडलेली रक्कम खरोखर उत्पन्नाची आहे की मत्ता विकून आलेली आहे, हा मूलभूत प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. गोमंतकाच्या लोहखनिजाने तो टाळता येणार नाही असा पुढे आणला आहे.

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील डोंगर पोर्तुगीज अमदानीतील सवलतींच्या आधारे खणले जाऊ लागले. १९८७ च्या कायद्याने त्या सवलतींचे भाडेपट्टे झाले. आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात चीनची पोलादाची मागणी वाढताच, एके काळी टाकाऊ ठरलेला हलक्या प्रतीचा मालही ट्रकांनी नदीच्या धक्क्यावर आणि बार्जांनी मुरगाव बंदराकडे अहोरात्र जाऊ लागला. या मालावर शासनास मिळणारे स्वामित्वधन, ज्यास व्यवहारात रॉयल्टीच म्हणतात, करेतर महसुलात जमा होते. म्हणजे सरकारी दप्तरात फी आणि दंड यांच्याच पंक्तीस ते बसते. एखाद्या घराण्याने वडिलार्जित शेत विकावे, आलेला पैसा त्या सालच्या पिकात धरावा आणि त्यावर वर्षाचा प्रपंच रेटावा, तसाच हा हिशेब आहे. खजिन्यात भर पडल्याची नोंद होते. डोंगर घटल्याची नोंद त्या जमाखर्चात कोठेच होत नाही.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घातली. शिवाय खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के भाग एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्याचे कारण म्हणून शाश्वत विकासाबरोबर पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा स्पष्ट निर्देश केला. ज्यांचा अद्याप जन्मही झालेला नाही त्यांचा हक्क या देशात असा रोख रकमेच्या भाषेत मान्य व्हावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तरीही दहा टक्के अपुरेच आहेत. काढणीचा खर्च आणि वाजवी नफा वजा जाता जे उरते, ते सर्वच भांडवल होय.

नॉर्वेने नेमके हेच ओळखले. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा तेलसाठा सापडला, १९९० मध्ये तेलाच्या मिळकतीसाठी निधी स्थापण्याचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिला भरणा झाला. सरकारची तेलाची निव्वळ मिळकत सर्वच्या सर्व निधीत जाते, आणि अंदाजपत्रकासाठी सर्वसाधारणपणे त्यावरील अपेक्षित परताव्याइतकीच रक्कम काढावी असा दंडक २००१ पासून आहे. तो परतावा तेव्हा चार टक्के धरला होता. २०१७ मध्ये तो तीनवर आणला गेला.

नॉर्वे श्रीमंत आहे, आम्हांस आजच शाळा आणि रस्ते हवेत, हा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या खाणपट्ट्यातील कुटुंबांवर जे संकट कोसळले, ते आजच्याच पिढीचे होते, आणि त्यांना सावरणे हेही न्यायाचेच काम. परंतु खनिजाच्या पैशातून शाळा उभारणे वेगळे आणि त्याच पैशातून चालू पगार भागविणे वेगळे. पहिल्यात एका मत्तेची दुसरी मत्ता होते, दुसऱ्यात ती संपते. म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकासोबत एक स्वतंत्र विवरणपत्र सभागृहापुढे ठेवले जावे: किती खनिज निघाले, त्याचे मोल किती, निधीत किती गेले आणि उरलेले कोणत्या कामी खर्ची पडले.