करिंथचा पंक्तिप्रपंच

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचे तबक समोर आले की मान खाली घालून ते शेजाऱ्याकडे सरकवणारी माणसे बहुतेक प्रत्येक मंडळीत असतात. आठवड्यात काहीतरी चुकलेले असते. रागाच्या भरात शब्द गेलेला असतो, प्रार्थना राहिलेली असते. मग आपण योग्य नाही असे ठरवून ती भाकर टाळली जाते. या भीतीमागे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आहे. मागील लेखानंतर एका वाचक भगिनीने तेच विचारले आहे: जाऊबाईशी अबोला असताना प्रभुभोजन घ्यावे की मागच्या बाकावर नुसते बसून राहावे?   उत्तराआधी करिंथची पंगत समजलेली बरी.

त्या अध्यायात अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दल कडक इशारा आहे. मूळ ग्रीक ‘अनाक्सिओस’ हे तिथे क्रियाविशेषण म्हणून आले आहे. ते खाणाऱ्याची लायकी सांगत नाही, खाण्याची रीत सांगते. एवढ्याशा व्याकरणाने सगळा अर्थ बदलतो. अयोग्य माणसांनी लांब राहावे, असे पौल म्हणतच नाही. त्याच्या दृष्टीने त्या मेजावर कोणीही लायकीने बसलेले नसते. करिंथकर जेवत कसे होते, यावर त्याचा आक्षेप आहे.

रोमनांनी इ. स. पू. 146 मध्ये बेचिराख केलेले करिंथ ज्यूलियस सीझरने इ. स. पू. 44 मध्ये पुन्हा वसवले. लेखेऊम आणि किंख्रिया या दोन बंदरांमुळे शहरात पैसा होता, व्यापारी होते, हमाल आणि गुलामही होते. मंडळीत हे सगळे थर एकत्र आले. प्रार्थनामंदिर नावाची वेगळी वास्तू तेव्हा नव्हती. ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे मंडळी जमत असे. रोमकरांच्या पत्रात पौल गायस नावाच्या अशाच यजमानाचा उल्लेख करतो. भाकर आणि प्याला हे पूर्ण जेवणाचाच भाग होते, आणि आठवड्याचा पहिला दिवस कामाचा होता. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइनने इ. स. 321 मध्ये जाहीर केली. म्हणजे श्रीमंतांनी दुपार कलल्यावर जेवायला बसावे आणि गुलामाने धन्याचे काम उरकून अंधार पडता यावे, हे ठरलेलेच.

घराची रचनाही याला हातभार लावी. रोमन भोजनगृहात तीन बाजूंनी कोच मांडलेले असत आणि रीतीप्रमाणे नऊ जण त्यांवर रेलून जेवत. करिंथजवळ अनाप्लोगा येथे उत्खननात सापडलेल्या घरातील असे दालन साधारण साडेपाच मीटर बाय साडेसात मीटर आहे. तिसाचाळीस माणसे जमली तर उरलेल्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. मंडळी याच घरात जमे असे कोणी म्हणत नाही, पण आतले आणि बाहेरचे असे दोन गट कसे पडत, हे त्या मोजमापावरून स्पष्ट दिसते.

आत आणि बाहेर वेगळे वाढण्याची रीत त्या समाजात रूढ होती. धाकट्या प्लिनीने एका पत्रात अशा यजमानाचे वर्णन केले आहे: स्वतःसाठी व मोजक्या मित्रांसाठी उत्तम पदार्थ आणि उत्तम मद्य, बाकीच्यांसाठी हलके. मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानावर कोरडा भात, हे ज्याने पाहिले आहे त्याला करिंथ समजावून सांगावे लागत नाही. कोणी भुकेला राहतो आणि कोणी मद्याने झिंगतो, ही पौलाची तक्रार शब्दशः घ्यायची आहे. असे जेवण प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो बजावतो, कारण ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना त्यात खाली पाहावे लागते.

याच ठिकाणी तो येशूच्या शेवटच्या रात्रीची हकीकत सांगतो. पत्र इ. स. 54-55 च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे आहे. प्रभुभोजनाच्या स्थापनेची लिखित स्वरूपातील सर्वांत जुनी नोंद अशा रीतीने जेवणावरच्या तंट्यामुळे हाती आली. त्यानंतर येतो ‘शरीर’ ओळखण्याचा मुद्दा. अनेक भाष्यकार येथे फक्त ख्रिस्ताच्या देहाचा विचार करतात. परंतु आदल्याच अध्यायात एक भाकर म्हणून आपण एक शरीर असे आलेले आहे, आणि पुढच्या अध्यायात हात, पाय, डोळे यांच्या दाखल्याने मंडळीलाच शरीर म्हटले आहे. दोन्ही बाजूंनी हा अर्थ असताना मधल्या अध्यायात तो सोडून देणे पटत नाही. चौकात बसलेला भुकेला गुलाम दिसला नाही, म्हणजे शरीर ओळखले नाही. देवाविषयीचा आदर आणि शेजाऱ्याची कदर पौल येथे वेगळी करूच देत नाही.

आत्मपरीक्षण करून मग खावे, असा त्याचा क्रम आहे. परीक्षण करून उठून जावे, असा नाही. उपायही साधा आहे: एकमेकांसाठी थांबा. तिथल्या ग्रीक क्रियापदात वाट पाहणे आणि स्वागत करणे, या दोन्ही छटा आहेत.

भारतात हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहिला. तंजावर आणि मद्रासकडील मंडळ्यांत जातवार बैठका होत्या आणि भाकर-प्याला घेतानाही वरचे-खालचे भेद पाळले जात. बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये परिपत्रक काढून हे बंद करायला सांगितले, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली. महाराष्ट्रात लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याचा पीळ हळूहळू कसा सुटला ते प्रांजळपणे लिहिले आहे. आजच्या प्रीतिभोजनात उघड भेद नसतो. तरी पहिल्या पंगतीला पाहुणे आणि कमिटी बसते; शेवटच्या पंगतीला, म्हणजे सकाळपासून वाढणाऱ्या बायकांना, पातेल्याच्या तळाचा रस्सा उरतो.

जाऊबाईंशी अबोला असलेल्या भगिनीच्या प्रश्नाला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून थेट उत्तर मिळते: अर्पण वेदीपाशी ठेवावे, आधी समेट करावा, मग परत यावे. ‘डिडाखे’ या प्राचीन मंडळी-पुस्तिकेत भांडणाऱ्यांनी समेट होईपर्यंत सभेत मिसळू नये, असा नियम आहे. दोन्हीकडे थांबणे आहे ते समेटासाठी. मागच्या बाकावर वर्षभर बसून राहण्याला यांतून आधार मिळत नाही. समेटाचा प्रयत्न मनापासून केला आणि समोरच्याने दार उघडले नाही, तर प्रयत्न करणाऱ्याने भाकर घ्यावी.

पुढे भाकर-प्याला जेवणापासून वेगळा झाला. इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टरने लिहिलेल्या वर्णनात जेवण नाही. आहेत ती वाचने, प्रार्थना, भाकर, पाणी घातलेला द्राक्षारस, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांच्यासाठी गोळा होणारे दान. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत.