संहिता, कंपायलर आणि आवृत्तीचा प्रश्न

जुन्या मजकुरांची शब्दसूची करण्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहून घेतलेला एक लहानसा संगणक-कार्यक्रम प्रस्तुत लेखकाजवळ आहे. अलीकडे तो नव्या संगणकावर पुन्हा बांधावयास घेतला, तेव्हा यंत्राने तो साफ नाकारला. संहितेतील एक अक्षरही बदललेले नव्हते; ती वाचणारा कंपायलर मात्र नवा होता. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेकडे केवळ तांत्रिक अडचण म्हणून पाहू नये. आपले कोश, सूच्या आणि संशोधित आवृत्त्या आता अशाच कार्यक्रमांच्या आधारे उभ्या राहत असल्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे.

माणसाने लिहिलेली मूळ संहिता यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर तिचा अर्थ लावून तिचे यंत्रसंहितेत रूपांतर करतो, लिंकर निरनिराळे तुकडे जोडतो आणि नेहमीची कामे करणाऱ्या तयार लायब्ऱ्या त्यांत मिळविल्या जातात. या साधनांच्या साखळीतून मूळ संहितेची ‘बांधणी’ होते. साखळीतील प्रत्येक साधनाच्या स्वतंत्र आवृत्त्या निघत असतात. शिवाय भाषेचे व्याकरणही स्थिर नसते. सी भाषेची 1989, 1999, 2011 अशी प्रमाणे झाली आणि अलीकडचे प्रमाण 2023 चे म्हणून ओळखले जाते.

आवृत्ती बदलल्याचा पहिला परिणाम म्हणजे नकार. एखाद्या फलनाची आधी ओळख करून न देता त्याचा वापर करणे 1989 च्या प्रमाणात चालत असे. 1999 च्या प्रमाणाने ती सवलत काढून घेतली. तथापि जीसीसी हा 1987 पासून प्रचारात असलेला कंपायलर पुढेही केवळ इशारा देऊन पुढे जात राहिला. 2024 मध्ये आलेल्या त्याच्या 14 व्या आवृत्तीने हा प्रकार चूक ठरविला. आमचा कार्यक्रम अडला तो येथे. पुढच्याच वर्षी आलेल्या 15 व्या आवृत्तीने 2023 चे व्याकरण गृहीत धरले. त्यात ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द आहे. ज्या जुन्या लेखकांनी तो शब्द स्वतः घडवून वापरला होता, त्यांच्या संहिता या एका कारणाने अडखळू लागल्या.

मोठ्या रचनेत हा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, हे लिनक्सच्या कर्नलवरून, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यावरून, दिसते. 1991 पासून वाढत आलेल्या या संहितेच्या आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. तिच्या बांधणीसाठी जीसीसीची किमान कोणती आवृत्ती हवी, हे तिच्या दप्तरात नोंदलेले असते. ही मर्यादा 2018 मध्ये 3.2 वरून 4.6 वर, 2021 मध्ये 5.1 वर आणि 2025 मध्ये 8.1 वर नेण्यात आली. 2022 मध्ये कर्नलने 1989 चे व्याकरण सोडून 2011 चे स्वीकारले. तरीही आरंभाच्या टप्प्यातील काही संहितेला कोणते व्याकरण लावावयाचे, हे स्पष्ट सांगितलेले नव्हते. जीसीसीची 15 वी आवृत्ती येताच तेथे बांधणी मोडली आणि ती उणीव भरून काढावी लागली. तात्पर्य, नव्या कर्नलला जुना कंपायलर पुरत नाही आणि जुन्या कर्नलला नवा कंपायलर मानवतोच असे नाही.

नकार निदान उघड असतो. दुसरा परिणाम अधिक घातक आहे: बांधणी निर्वेध होते, परंतु अर्थ बदलतो. 2009 मध्ये कर्नलमधील एका नेटवर्क-घटकात असा दोष उघडकीस आला. तेथे स्मृतीतील एक पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, याची तपासणी नंतरच्या ओळीत होती. रिकामा पत्ता वापरण्यास सी भाषेत अर्थच नाही. त्यावरून, ज्या अर्थी पत्ता वापरला आहे त्या अर्थी तो रिकामा नसणार, असे अनुमान करून कंपायलरने पुढील तपासणी अनावश्यक म्हणून गाळली. लेखकाने लिहिलेले संरक्षण यंत्रसंहितेत उतरलेच नाही आणि घुसखोरीस वाट मिळाली. तेव्हापासून अशा तपासण्या गाळू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा कर्नलच्या बांधणीत दिली जाते.

आमच्या सूचीलाही याच जातीचा अनुभव आला. आवश्यक त्या ओळखी लिहिल्यावर कार्यक्रम बांधला गेला. पण पूर्वी अखेरीस येणाऱ्या हस्तलिखितांच्या रोमन खुणा आता देवनागरी नोंदींच्या आधी आल्या. सी भाषेत ‘कॅर’ हा अक्षरप्रकार ऋण संख्या घेतो की नाही, हे प्रमाणाने कंपायलरवर सोपविले आहे. इंटेलच्या घराण्यातील यंत्रांसाठी जीसीसी तो ऋण घेणारा मानतो, तर लिनक्स चालविणाऱ्या एआरएम यंत्रांसाठी तसे मानत नाही. 1991 च्या इस्की या भारतीय संकेतात आणि आजच्या यूटीएफ-8 मध्येही देवनागरीचे सर्व बाइट 127 च्या पुढचे आहेत. त्यामुळे एका यंत्रावर ते ऋण ठरून रोमनच्या आधी लागतात, दुसऱ्यावर नंतर. केवळ रोमन अक्षरे वापरणाऱ्यास हा भेद कधी जाणवणारही नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासकाची मात्र सारी सूचीच त्याने उलटते. कर्नलने 2023 च्या 6.2 या आवृत्तीपासून सर्व यंत्रांवर हा प्रकार ऋणरहित ठरवून टाकला.

पाठचिकित्सा करणारा संपादक प्रत्येक प्रतीची लिपी, काळ आणि स्थिती नोंदवितो, कारण या माहितीवाचून पाठाची पारख करता येत नाही. संगणकावर सिद्ध केलेल्या ग्रंथांनाही हीच शिस्त लागू करावयास हवी. मूळ संहिता जपली म्हणजे कार्य संपले, असे समजणे चुकीचे आहे. तिच्याबरोबर कंपायलर आणि लायब्ऱ्या यांच्या आवृत्त्या, बांधणीच्या वेळी दिलेल्या आज्ञा, यंत्राचा प्रकार आणि अक्षरसंकेत यांची नोंद ठेवावी. शक्य असल्यास ती साधनेही जपावीत. त्याच संहितेपासून त्याच साधनांनी पुन्हा बांधणी केली असता बिटाला बिट जुळावा, असा प्रयत्न डेबियन या प्रकल्पात 2013 पासून चालू आहे. आपण तेवढे करू शकलो नाही, तरी जुनी आणि नवी सूची ओळीने ओळ ताडून पाहणे आपल्या हाती आहे. आम्ही तसे केले नसते, तर खुणांचा उलटलेला क्रम हाच मूळ क्रम म्हणून छापला गेला असता.