सागवानाची प्रत आणि संगणकाचा निकाल

चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेले. नागपुरात लकडगंज ही लाकडाची जुनी बाजारपेठ आहे. तरी तिच्याजवळच्या नंदनवनात नवे घर बांधताना भार पेलते ते काँक्रीट. लाकूड दारे-चौकटींपुरते उरते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 मध्ये लाकडावर घातलेली बंदी 2020 मध्ये उठली. लाकडी बांधकामाची भारतीय संहिता, आयएस 883, 2016 मध्ये सुधारली गेली. गणितासाठी स्टाड प्रो हे सॉफ्टवेअर आहेच. माझ्या मते घोडे अडले आहे ते लाकडाच्या प्रतवारीपाशी.

आयएस 883 मधले अनुज्ञेय ताण पहिल्या प्रतीच्या लाकडाचे आहेत. निवडक प्रतीला ते 1.16 ने गुणायचे, दुसऱ्या प्रतीला 0.84 ने. म्हणजे एकाच मापाच्या दोन सागवानी तुळयांच्या हिशेबी ताकदीत सुमारे 38 टक्क्यांचे अंतर पडू शकते, आणि ते ठरते गाठी कुठे आहेत, रेषा किती तिरप्या आहेत, चिरा किती खोल आहेत यावर. लांबी, घेर आणि रूप पाहून लावलेल्या भावातून हे कळत नाही. संगणकाला तर मुळीच नाही. त्याला आपण देऊ तोच आकडा खरा. त्यातून स्टाड प्रोमध्ये लाकडासाठी सोय आहे ती अमेरिकी, कॅनडाच्या आणि युरोपीय संहितांची. यातल्या युरोपीय संहितेला, युरोकोड 5 ला, हवी असते शंभरातले पंच्याण्णव नमुने ओलांडतील अशी ताकद. मग तो स्वतःच अखंड लाकडासाठी 1.3 ने भागतो आणि कायमच्या भारासाठी, कोरड्या जागीसुद्धा, 0.6 ने गुणतो. आपल्या अनुज्ञेय ताणात मात्र सुरक्षेची कपात आधीच झालेली असते. तो आकडा युरोपीय रकान्यात भरला तर कपात दोनदा होऊन तुळई उगाच जाड होते. उलट, युरोपीय ताकद आपल्या सूत्रात घातली तर सुरक्षाच नाहीशी होते. वाऱ्याचेही तसेच. नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात आणि त्या भाराला आयएस 883 मध्ये ताण 1.33 पट चालतो. परक्या संहितेत कालावधीचा गुणक आधीच लागलेला असताना हा वर चढवणे घातकच.

मग हातानेच तपासायचे तर सॉफ्टवेअर कशाला, असा आक्षेप येईल. छपराच्या कैचीतून बळे कशी वाहतात, वारा छप्पर कुठे उचलतो, हे त्याच्याइतके झटपट दुसरे काही दाखवत नाही. बळे त्याच्याकडून घ्यावीत, ताण आयएस 883 ने तपासावेत. चार मीटरच्या तुळईला साधारण 17 मिलिमीटर बाक चालतो, आणि लाकडात पुष्कळदा ताकदीआधी हा बाकच आड येतो. आगीचा आक्षेप खरा आहे, पण त्याचेही गणित करता येते: युरोकोडनुसार जड, अखंड, कठीण लाकूड मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर जळते, म्हणून अर्ध्या तासाचा थर आधीच वाढवून ठेवता येतो. उघड्या लोखंडी जोडांची काळजी जास्त घ्यावी लागते. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. तेही प्रतवारीतच पाहायचे.

वन विकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे, व्हीएनआयटी ही तंत्रशिक्षण संस्था इथेच, केडीके अभियांत्रिकी महाविद्यालय तर नंदनवनातच. या तिघांनी मिळून विदर्भातल्या सागाच्या चाचण्या कराव्यात आणि लाकडाच्या आगारातून निघणाऱ्या प्रत्येक बांधकामी नगावर ताकदीच्या प्रतीचा शिक्का मारावा.