चहालाही लागते तहान!

कॉलेजबाहेरच्या टपरीवर तुम्ही कटिंग मारता, त्यातली पावडर बहुतेक वेळा आसामातून आलेली असते. देशातला जवळपास निम्मा चहा तिकडेच पिकतो. आणि आसाम म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ब्रह्मपुत्रेचा पूर. मग तिथल्या चहाला वरून पाणी द्यावं लागतं, असं कुणी सांगितलं तर हसाल ना?

पण द्यावं लागतं. पावसाचा मुख्य कोटा जून ते सप्टेंबरमध्ये संपतो आणि नोव्हेंबरपासून पुढचे तीन-चार महिने जवळपास कोरडे जातात. वर्षभराचा अभ्यास एका रात्रीत उरकल्यासारखंच हे! सरासरी मस्त दिसते, पण झाड काही सरासरीवर जगत नाही.

आपण पितो तो चहा म्हणजे फांदीच्या टोकाची दोन कोवळी पानं आणि एक कळी. थोडक्यात, नवी वाढ हेच पीक. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं. ओल वाचते, पण अन्न तयार होणंही मंदावतं. कोंब खुरटतात, टोकाची कळी झोपी जाते. मळ्यात अशा कोंबाला 'बांझी' म्हणतात, म्हणजे आपल्या 'वांझ'ची सख्खी बहीणच! झुडूप हिरवंगार दिसतं, पण तोडायला फारसं काही नसतं. आणि एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो ओला पाला लागतो.

मग हिवाळाभर स्प्रिंकलर सोडून ठेवायचे? गंमत इथेच आहे. दिवस सव्वाअकरा तासांपेक्षा लहान झाला आणि काही आठवडे तसाच राहिला, की आसामातला चहा सुस्तावतो. डिसेंबरात कितीही पाणी ओता, नवे कोंब फारसे फुटत नाहीत. (कोवळ्या रोपांचं वेगळं. त्यांची मुळं वरवरच असतात, पाणी नाही मिळालं तर ती जळतात.) खरी वेळ फेब्रुवारी-मार्चची. दिवस मोठा झालेला, हवेत ऊब, झाड तयार आणि जमीन कोरडी. तेव्हा पाणी मिळालं तर पहिला बहर वेळेवर येतो. नाही मिळालं तर तोडणीच पुढे जाते.

जूनपासून उलटा खेळ. तेच मळेवाले आता पाणी बाहेर काढायला चर खणतात. भूजल मुळांपासून दूर, साधारण ९० सेंटिमीटर खाली ठेवावं लागतं. साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात, खोल जात नाहीत. अशी उथळ मुळांची झुडपं पुढच्या कोरड्या दिवसांत सगळ्यात आधी माना टाकतात. म्हणजे मार्चमधली तहान कधीकधी जुलैच्या चिखलातच ठरलेली असते.

आता आसामचा जवळपास निम्मा पाला छोटे उत्पादक पिकवतात. कारखान्याला पाला किलोवर विकायचा, पाला नाही तर पैसा नाही. मार्चचा पाऊस लांबला की मोठ्या मळ्यात पंप सुरू होतो. शेजारच्या छोट्या तुकड्यावर अनेकदा ना पंप असतो, ना डिझेलपुरते पैसे.