तोंडातला पांढरा चट्टा : दोष कुणाचा?

कुकडी नदीच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक हे गाव आहे. नदीच्या थरांत सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे हे गाव अभ्यासकांना माहीत झाले. आम्ही तेथे गेलो होतो ते मात्र राख पाहायला नव्हे. ओळखीच्या एका घरी बसलो, जयभीम झाला, चहा झाला. घरातली आक्का ओट्याच्या कडेला पदर तोंडाशी धरून बसली होती. पन्नाशीची बाई. टोमॅटोच्या तोडणीला, कांद्याच्या काढणीला रोजाने जाणारी. सुनेने आतून एक कागद आणून आमच्या हाती दिला.

"भाऊ, यावर काय लिवलंय ते नीट सांगा. या कागदापायी घरात महिना झाला कुणी धड बोलत नाय."

आक्काच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. अहवालात लिहिले होते की पेशींत सुरुवातीचे बदल आहेत, कर्करोग नाही, आणि काही पेशींची ठेवण पाहता एचपीव्ही या विषाणूचा संशय वाटतो. थोरल्या मुलाने मोबाईलवर ती तीन अक्षरे शोधली. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढेच त्याने वाचले आणि मोबाईल खाली ठेवला. मालक पूर्वी बरीच वर्षे मुंबईत गिरणीत होते. आक्का जन्मभर गावातच. कोण कोणाकडे बोट दाखवणार? कोणीच काही बोलले नाही. पण आक्काने पुढच्या तारखेला दवाखान्यात जायचे नाकारले. "मला काय बी झालेलं नाय," एवढेच ती म्हणते.

वाचकहो, हा लेख त्या न बोललेल्या गोष्टीसाठी आहे.

हा विषाणू आहे तरी काय?

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखीळ येते. ६ आणि ११ क्रमांकाच्या जातींमुळे तोंडात वा घशात मऊ मोडासारखी गाठ येऊ शकते, पण ती सहसा कर्करोगाकडे जात नाही. १६ आणि १८ या जाती मात्र घातक. पेशीने बेसुमार वाढू नये म्हणून आपल्या शरीरात दोन राखणदार प्रथिने असतात. या जाती आपल्या दोन प्रथिनांनी त्या राखणदारांनाच निकामी करतात. जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात १६ क्रमांकाची जात शोधून काढली. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९८३ साली फिनलंडमधील सिर्यानेन आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या तुकड्यांतही या विषाणूच्या खुणा दिसतात, असे मांडले. तेव्हापासून देशोदेशी तोंडातले पांढरे-लाल चट्टे तपासले गेले. कुठे थोड्या चट्ट्यांत विषाणू सापडला, कुठे बऱ्याच, कुठे जवळपास नाहीच. तपासणीची पद्धत वेगळी, तुकडा घेण्याची जागा वेगळी, आणि लाळेतून आलेला विषाणूही चाचणीत दिसू शकतो. म्हणून आकडे जुळत नाहीत.

येथे बोरीचीच गोष्ट आठवते. नदीकाठच्या थरांत राख सापडली, आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली. पण ती दोन्ही एकाच काळातली काय, यावर अभ्यासकांत वाद झाले. दोन वस्तू एका जागी सापडल्या म्हणून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही. चट्ट्यातल्या विषाणूचेही तसेच. तो नुसता येऊन बसला आहे की पेशी बिघडवतो आहे, हे पाहायला त्याची ती दोन प्रथिने तेथे तयार होतात काय, हे तपासावे लागते. तशी तपासणी केली की तोंडाच्या पुढच्या भागातल्या, म्हणजे गाल, हिरडी आणि जिभेच्या पुढच्या भागातल्या कर्करोगांपैकी थोड्याच ठिकाणी विषाणू खरा कारणीभूत दिसतो. घशातल्या गाठी म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांच्या कर्करोगात मात्र त्याचा दोष पक्का सिद्ध झाला आहे.

आपल्याकडचा पहिला आरोपी

आम्ही सुनेला विचारले, "आक्का मशेरी लावतात?" ती हसली. चुलीशेजारच्या कोनाड्यात डबी होतीच. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना हिरड्यांना घासायची. तीस वर्षे. दात साफ होतात म्हणून सुरू झाले, मग सुटेना.

आपल्या पुणे जिल्ह्याने या प्रश्नावर जगाला पुरावा दिला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखभर शेतकरी, मजूर आणि त्यांच्या बायका यांनी उघडलेल्या तोंडांतून तंबाखूचा आणि या चट्ट्यांचा संबंध जगापुढे आला. पुढे याच मंडळींनी केरळ, गुजरात आणि आंध्रातील सुमारे छत्तीस हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून सवय सोडवण्याचा प्रयत्न केला. सवय सुटली वा कमी झाली तेथे नवे चट्टे कमी झाले. १९८६ साली हे प्रसिद्ध झाले.

सुपारीला लोक निरुपद्रवी समजतात. तेही खरे नाही. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. गालाची आतली बाजू कडक होणे, तिखट झोंबणे, तोंड पूर्ण न उघडणे हा सुपारीचा आजार आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण पुड्या कोठे मिळतात, हे गावातल्या पोरालाही माहीत असते.

तंबाखूने सोललेल्या त्वचेतून विषाणू सहज शिरत असेल, दोघे मिळून अधिक घात करत असतील, असाही तर्क मांडला जातो. तो अजून सिद्ध झालेला नाही. मशेरीचा दोष मात्र सिद्ध आहे.

संशयाला जागा नाही

आता घरातल्या अबोल्याबद्दल. हा विषाणू मुख्यत्वे शरीरसंबंधातून पसरतो हे खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण तो इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. मग अशा कागदावरून बायकोच्या वा नवऱ्याच्या चारित्र्याचा निवाडा कसा करणार? आणि आक्काच्या अहवालात तर नुसता संशय लिहिला आहे.

आम्ही हे मालकांसमोर, मुलासमोर मोठ्याने सांगितले. मालक बराच वेळ अंगणाकडे पाहत होते. मग म्हणाले, "तारीख कवाची होती?"

काय करावे?

पांढरा चट्टा दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. बहुतेक चट्टे कर्करोगाकडे जात नाहीत. पण कोणता जाईल हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. लाल चट्टा वा पांढऱ्यात मिसळलेला लाल डाग अधिक धोक्याचा. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहावा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा, गाठ, गिळताना त्रास किंवा तोंड कमी उघडणे, यातले काहीही असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथून पुण्यास ससून, मुंबईस परळचे टाटा हॉस्पिटल आहे. तुकडा तपासणे हीच मुख्य तपासणी. तोंडातल्या विषाणूची वेगळी चाचणी करून घेण्यासाठी पैसे घालवू नयेत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे. पण कोस्टारिकातील अभ्यासात लस घेतलेल्या स्त्रियांच्या तोंडातही १६ आणि १८ क्रमांकांचे विषाणू फारच कमी आढळले. आधीच उमटलेला चट्टा मात्र लशीने जात नाही.

आणि तिशी ओलांडलेल्या भगिनींनी गर्भाशयमुखाची तपासणी जरूर करावी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सव्वा लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीच्या एकाच चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली जगाने वाचले.

आम्ही निघालो तेव्हा सून कोनाड्यातली डबी घेऊन उभी होती. "टाकू का, आत्याबाई?" आक्काने लगेच हो म्हटले नाही. तीस वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. पण ती म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जाऊन येऊ. मग बघू." सोमवारी रोज बुडणार होता. मालकांनी सोबत यायचे कबूल केले.