घंटेवरचे साल

गोदेला पूर आला की नाशिकमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले? आणि नारोशंकराच्या घंटेला लागले का? पहिली खूण मोठ्या पावसाची, दुसरी महापुराची. गंमत अशी, की ज्या घंटेवरून गाव नदी मोजते ती या देवळासाठी ओतलेलीच नाही. तिच्यावरचे साल आहे १७२१. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी पंचवटीच्या काठावर रामेश्वराचे हे देऊळ बांधले १७४७ मध्ये. म्हणजे घंटा देवळाहून २६ वर्षांनी थोरली!

परंपरा सांगते, ही वसईच्या विजयाची घंटा. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांच्या देवळांत आल्या. परंपरेवर विसंबायचे नसेल तर साले ताडून पाहावीत. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे अशीच घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि साल १७०७. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. तिन्ही साले १७३९ च्या आतली, इसवी सनातली. मराठी ओतकाम असते तर शक घातला असता.

मात्र ‘वसईची घंटा’ हे शब्द जपून वापरावेत असे मला वाटते. ती मोहीम एका किल्ल्याची नव्हती. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टीचा मोठा भाग हाती आला, १७३९ च्या आरंभी तारापूर पडले आणि शेवटी वसई. या साऱ्या पट्ट्यात चर्च होती. तेव्हा ‘वसईच्या मोहिमेतली घंटा’ म्हणणे अधिक खरे.

खरा प्रश्न पुढेच आहे. या घंटा वितळवल्या का नाहीत? घंटा आणि तोफ यांचा धातू एकाच घरचा, तांबे आणि कथील. घंटेत कथील सुमारे पाचवा हिस्सा, तोफेत दहावा. तांब्याची भर घातली की घंटेची तोफ होते.

याचे उत्तर शोधताना मला दक्षिण फ्रान्समधले आल्बी आठवते. तार्न नदीच्या काठी लाल विटांचे सेंट सेसिलचे कॅथीड्रल, १२८२ मध्ये सुरू झालेले, बाहेरून थेट किल्ल्यासारखे. आपल्या नारोशंकराच्या देवळालाही तटबंदी आहेच. पण त्या देशात राज्यक्रांतीनंतर, १७९३ मध्ये, प्रत्येक पॅरिशला एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफांसाठी देण्याचा हुकूम निघाला. हजारो घंटा भट्टीत गेल्या, आणि त्या कोणा शत्रूने नव्हे, आपल्याच माणसांनी घातल्या. इकडे मात्र जिंकणाऱ्यांनी परधर्माची घंटा, तिच्यावरच्या क्रुसासह आणि मेरीसह, आपल्या देवासमोर टांगली. यात विजयाची मिरवणूक होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नादाला धर्म नसतो ही समजही त्यात होती. मिरवणूक संपली, नाद उरला.

काम तेवढे बदलले. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात दोराने झुलते आणि साऱ्या गावाला बोलावते. देवळातली घंटा भक्त आपल्या हाताने वाजवतो आणि आपण आल्याचे देवाला सांगतो. नारोशंकराची घंटा मात्र दर्शनी तटावर, नदीकडे तोंड करून आहे. ती अजूनही गावाचीच राहिली.

ज्यांना ती प्रथम ऐकू आली त्यांचे वंशज आजही वसईत आहेत आणि मराठीच बोलतात. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणून ‘शत्रूची घंटा’ असे कोणी पाहुण्यांना सांगू लागले की मी अडखळतो. कोणाचा शत्रू?

मागे वसईचे एक वयस्क गृहस्थ माझ्यासोबत घाटावर आले होते. बराच वेळ ते वर पाहत राहिले. म्हणाले, “आमच्या गावची.” मग मी वरचा सारा हिशेब सांगितला. ते हसले. “बरं, निदान आमच्या बाजूची तरी म्हणू द्या!”

एवढे म्हणायला साधार आहे.