शिडाच्या नौकेनें एका दिवसाचा समुद्रप्रवास

सातपुड्याच्या कुशींत वाढलेल्या आपल्या धडगांवच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिलेला नसेल. नाव मात्र त्यांस अपरिचित नाहीं. सरदार सरोवराच्या फुगवट्यांतून नर्मदाकांठच्या कांहीं गांवांचे लोक आजही नावेनें ये-जा करितात. तीच नर्मदा पुढें भडोचपलीकडे खंबायतच्या आखातास मिळते. तेथून दक्षिणेस पसरलेल्या किनाऱ्यावर लहान शिडाच्या नौकेचा एका दिवसाचा प्रवास कसा आंखतात, हें येथें सांगावयाचें आहे. उदाहरणादाखल मुंबई बंदरापासून जंजिऱ्याजवळील राजपुरीच्या खाडीपर्यंतचा मार्ग घेऊं.

प्रथम अंतर पाहूं. मुंबई बंदर सुमारें १८ अंश ५५ कला उत्तर अक्षांशावर असून जंजिरा १८ अंश १८ कलांवर आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १,८५२ मीटर. तेव्हां ३७ कलांचे ३७ मैल झाले. खांदेरी बेट व किनाऱ्यालगतचे खडक टाळण्यासाठीं वळसा घ्यावा लागतो, म्हणून ४० मैल धरावे. तासास ५ मैल वेगानें ८ तास लागतील.

आतां निघावें केव्हां? येथें कोळी बांधवांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं सहाच्या सुमारास भरती पूर्ण होऊन ओहोटी लागते. उतरतें पाणी नौकेस बंदराबाहेर नेण्यास साहाय्य करितें. दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी संपून पुन्हां भरती सुरू होते, व दोन वाजतां तेंच चढतें पाणी नौकेस राजपुरीच्या खाडींत घेतें. शिवाय अष्टमीस भांग असल्यामुळें उधाणासारखी पाण्याची ओढ नसते.

वाऱ्याचेंही असेंच आहे. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. यास मतलई वारा म्हणतात. दिवसा जमीन अधिक तापते व समुद्रावरून खारा वारा येतो. हिंवाळ्यांत दक्षिणेस जाणाऱ्या नौकेस सकाळीं डाव्या अंगानें मतलई व दुपारीं उजव्या अंगानें खारा वारा मिळतो. परंतु दोहोंच्या मधल्या वेळीं वारा पडतो आणि शीड लोंबूं लागतें. पावसाळ्यांत मात्र हा प्रवास करूंच नये.

वारा पडला तर काय, याचा निर्णय निघण्यापूर्वींच करावा लागतो. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशीं कोर्लईचा किल्ला आहे. तेथून पुढें सुमारें १५ मैल उरतात. वेग तासास ३ मैलांवर आला तरी पांच तास लागतील. म्हणून बारा वाजेपर्यंत कोर्लई गांठली, तर सायंकाळीं पांचास, सूर्यास्तापूर्वीं, पोहोंचतां येईल. न गांठली, तर रेवदंड्याच्या खाडींत शिरून नांगर टाकावा. अंधारांत अपरिचित खाडीच्या मुखाशीं खडक दिसत नाहींत. आणि खाऱ्या वाऱ्याचा दाब नौकेस किनाऱ्याकडेच लोटीत असतो. पुष्कळ अपघात वादळानें नव्हे, तर ‘आतां थोडेंच उरलें आहे’ या विचारानें होतात.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली; तीही वाटेंत चार बंदरांत थांबून. बंदरांत थांबणें हा पराभव नव्हे. घाट उतरतांना दिवस कलला, तर वाटेंतल्या पाड्यावर मुक्काम करणारा आपला वाटसरूही हाच नियम पाळतो. पुढें जाण्याची तयारी जितकी, तितकीच थांबण्याचीही तयारी ज्याच्याजवळ आहे, त्यानेंच शीड उभारावें.